दुधाचं बोट

कोंबडीच्या टाळूला जन्मभर फट असते. हे मला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी कळलं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मालवीय नगरपासून बनी पार्कपर्यंत मी सिटी बसमध्ये उभी होते, आणि आपण पूर्ण वेळ उभ्याच होतो हे घराचा जिना चढताना पाय दुखले तेव्हा लक्षात आलं.

त्या दिवसांत आमच्या घरात टाळू हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं.

२००९ची गोष्ट. बाबा विम्याच्या नोकरीत, बदलीने जयपूरला आलेले, आणि मग दादालाही इथल्याच बँकेत नोकरी लागली म्हणून आम्ही राहून गेलो. बनी पार्कात वरचा मजला भाड्याने होता, खाली घरमालकीण आंटी. दादाचं लग्न होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. वहिनी साताऱ्याची. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती माहेरी न जाता आमच्याकडेच राहिली. आईने तिचं सगळं हौसेने केलं. डिंकाचे लाडू केले, डोहाळजेवण केलं, हिरव्या बांगड्या भरायला जौहरी बाजारात स्वतः घेऊन गेली आणि बांगडीवाल्याशी अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलून भावही पाडून आली.

सप्टेंबरात मुलगी झाली. डोक्यावर दाट जावळ, ओठ नीट, नाक नीट. पण पहिल्यांदा पाजलं तेव्हा दूध नाकातून बाहेर आलं. डॉक्टरांनी तोंडात टॉर्च मारून पाहिलं. तोंडाचं छप्पर मागच्या बाजूला मधोमध उघडं होतं.

“टाळू जुड़ा नहीं है,” डॉक्टर म्हणाले. “साल भर की हो जाए, ऑपरेशन कर देंगे. तब तक बैठाकर, थोड़ा-थोड़ा पिलाइए. घबराने की बात नहीं.”

दादाने मान हलवली. आई वहिनीच्या उशाशी बसली, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “ग्रहणात काही कापलं होतंस का गं?”

तिने रागाने विचारलं नाही. ताप आला होता का, असं डॉक्टर विचारतात तसं विचारलं. वहिनी लगेच म्हणाली, “हो.”

जुलैतलं ते ग्रहण सकाळचं होतं. डोहाळजेवण नुकतंच झालं होतं, वहिनीच्या हातातल्या बांगड्या अजून नव्या होत्या. आईने तिला आतल्या खोलीत पडून राहायला सांगितलं होतं: सुरीला हात लावायचा नाही, सुई धरायची नाही, काही चिरायचं नाही. स्वतः आई देवापाशी डोळे मिटून जप करत होती. मी हॉलमध्ये आवाज बंद करून टीव्ही पाहत होते. सगळ्या चॅनेलांवर सूर्यच होता.

दूधवाला दाराच्या कडीला पिशव्या अडकवून गेला. वहिनी बाथरूमला जायला उठली तेव्हा तिला दिसलं की एक पिशवी कोपऱ्यातून गळतेय आणि उंबऱ्यावर दूध साचलंय. तिने पिशवी उचलली, ओट्यावर आणली, कात्रीने टोक कापलं, दूध पातेल्यात ओतलं आणि वर तुळशीचं पान ठेवलं. ग्रहणात दुधावर तुळशीचं पान ठेवायचं, हे तिला आईनेच शिकवलं होतं. पान ठेवून झाल्यावर तिचं लक्ष हातातल्या कात्रीकडे गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सोफ्यावरून पाहतच होते. आम्ही दोघी हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

आता कोणी हसत नव्हतं. आई त्या विषयावर पुन्हा एक शब्द बोलली नाही, पण तिचं न बोलणं ऐकू येत होतं. खालच्या आंटी बाळाला बघायला आल्या आणि जाताना सहज म्हणून गेल्या, “ग्रहण का दोष है, बहनजी, और क्या.” आईने चहाचा कप त्यांच्या हातून जरा लवकरच काढून घेतला.

आणि वहिनीने बाळाला भरवणं सोडून दिलं. ती दूध काढून वाटीत द्यायची, पण चांदीचं बोंडलं हातात घ्यायची नाही. छोट्याशा वाटीला चोच काढलेली असावी तसं ते बोंडलं. बाळाला मांडीवर उभं धरून त्यातून थेंब-थेंब तोंडात सोडायचं.

“तुम्हीच द्या आई,” ती म्हणायची. “माझ्या हातून नको.”

बाळाला न्हाऊ घालायची, थोपटायची, रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरायची. फक्त भरवायची नाही. आणि कात्रीला तर शिवायचीच नाही. दुधाच्या पिशव्या दादा दातांनी फाडायला लागला.

“माकडा, कात्री आहे घरात,” आई एकदा म्हणाली. कात्री फ्रिजच्या वर गेली होती. तिथे कोणी ठेवली, हे कोणी विचारलं नाही.

मी काय बोलणार? मी तशीही घरात कमी बोलते. शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी, आणि मराठी फक्त आई-बाबांशी, तीही तुकड्यातुकड्यांत. देवनागरी वाचता येते ती हिंदीच्या पुस्तकांमुळे. मनात आलेलं मराठी वाक्य ओठांपर्यंत येईतो दुसरं कोणीतरी बोलून मोकळं झालेलं असतं.

आमच्या प्राणिशास्त्र विभागात शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक सेमिनार द्यावं लागायचं. सेमिनार घेणाऱ्या मॅडमनी टेबलावरून वर न बघता विचारलं, “टॉपिक?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “पॅलेट फ्यूजन, मॅडम.” टाळूचं जुळणं हाच विषय का, ते मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “अच्छा है. मुश्किल है. करो.”

लायब्ररीतल्या जाड पुस्तकात एक आकृती होती. मी तिच्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसले. टाळू आधी नसतोच! गर्भाच्या तोंडात दोन्ही बाजूंनी दोन पडदे खाली लोंबत असतात आणि मधे जीभ उभी असते, दाराच्या दोन फळ्यांमधे कोणी अडून बसावं तशी. मग जीभ खाली सरकते. पडदे वर उचलले जातात, आडवे होतात, एकमेकांकडे वाढत येतात आणि मधोमध टेकतात. टेकल्यावर चिकटतात. चिकटल्यावर मधली शिवण विरघळून जाते आणि दोनाचं एक होऊन जातं. आपण सगळे यातून गेलो आहोत. मी लायब्ररीत बसून जिभेचं टोक टाळूवरून फिरवलं. मधोमध एक बारीकशी उंच रेघ लागली. ही ती जागा! समोर बसलेला मुलगा माझ्याकडे बघायला लागला तेव्हा मी तोंड मिटलं.

पुढचं मला मालवीय नगरच्या सायबर कॅफेत सापडलं. कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर, शेजारच्या कॅबिनमधे कोणीतरी गेम खेळत होतं, पंखा खडखडत होता. एक जनुक असतं, टीजीएफ-बीटा-थ्री. ते त्या पडद्यांच्या कडेच्या पेशींमध्ये जागं होतं, अगदी टेकायच्या वेळेला. त्याच्यापासून बनणारं प्रथिन त्या कडांना चिकटायला लावतं आणि शिवण विरघळवायला लावतं. ज्या उंदरांमध्ये हे जनुक बंद केलेलं असतं त्यांच्या टाळूचे पडदे नीट वाढतात, नीट वर येतात, एकमेकांना टेकतातसुद्धा, पण जुळत नाहीत. पिल्लं उघड्या टाळूची जन्मतात, त्यांना दूध ओढता येत नाही.

टेकतात, पण जुळत नाहीत. हे वाक्य मी दोनदा वाचलं. म्हणजे मेहनत सगळी झालेली असते, फक्त शेवटची खूण मिळत नाही.

आणि मग कोंबडी. कोंबडीच्या पिलाचे टाळूचे पडदेही अंड्यात मधोमध येतात, पण जुळत नाहीत. त्यांच्यासाठी तेच नीट. फट राहते, जन्मभर. पण ते प्रथिन प्रयोगशाळेत बाहेरून दिलं तर कोंबडीच्या टाळूच्या कडासुद्धा एकमेकींना चिकटतात. ज्यांना कधीच जुळायचं नव्हतं, त्याही! मी खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारली असावी, कारण शेजारचा गेमवाला डोकावून म्हणाला, “क्या हुआ, रिज़ल्ट आ गया?”

“हां,” मी म्हटलं. एरवी मी अनोळखी माणसाला उत्तर देत नाही.

त्याच पानावर खाली माणसाच्या गर्भाचा तक्ता होता. पडदे सातव्या-आठव्या आठवड्यात वर उचलले जातात. तिसरा महिना संपेपर्यंत टाळू मिटलेला असतो, नाहीतर मिटायचा राहून गेलेला असतो. मी बोटांवर महिने मोजले. डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतात. ग्रहण त्याच्या नंतर. म्हणजे वहिनीने ती पिशवी कापली तेव्हा बाळाच्या टाळूचं जे व्हायचं ते कधीच होऊन गेलं होतं.

घरी पोचेपर्यंत माझ्याकडे पूर्ण वाक्य तयार होतं. दार वहिनीने उघडलं, खांद्यावर बाळ, डोळ्यांखाली काळं. मी म्हटलं, “चहा आहे?”

असे बरेच दिवस गेले. मधल्या काळात मी खातीपुऱ्याच्या पलीकडच्या हॅचरीतून फलित अंडी आणायला लागले. आईला कळलं तेव्हा ती दारातच हात आडवा करून उभी राहिली. “अंडी? या घरात? आंटी शाकाहारी, उद्या आपलं सामान रस्त्यावर ठेवतील.” मग मी हॅचरीतून सरळ विद्यापीठात जायचे, ट्रे मांडीवर धरून. बसमधली बायकामाणसं माझ्यापासून सरकून बसायची आणि ते मला बरंच वाटायचं.

आठवडाभर उबवलेल्या अंड्यातलं पिल्लू शेंगदाण्याएवढं दिसतं, डोळे मात्र केवढे मोठे. मी चिमट्याने त्याचा खालचा जबडा हळूच काढला, मिठाच्या पाण्यात डोकं उताणं ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवत गेले. धूसर, धूसर, आणि एकदम स्पष्ट. दोन पांढुरके पडदे, दोन्हीकडून आलेले, मधे एक अरुंद फट. पुस्तकातली आकृती नव्हे. खरे. मी “मॅडम!” अशी हाक मारली. माझ्या आवाजाने मीच दचकले, इतका तो मोठा होता.

मॅडमनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं. मग सरळ झाल्या. “सुंदर. अब ये बताओ, घर में किसी को समझाया?”

“नहीं, मॅडम.”

ही त्यांची पद्धत होती, आम्हा सगळ्यांना माहीत असलेली. जीवशास्त्र न शिकलेल्या एखाद्या माणसाला, घरच्या भाषेत, कागद न बघता समजावल्याशिवाय त्या सेमिनारला उभं राहू द्यायच्या नाहीत. “और वो जो सवाल पूछें, वो मुझे बताना,” त्या म्हणाल्या. “मुझे उसी में मज़ा आता है.”

दिवाळी तोंडावर आली होती. रविवारी दुपारी आई, वहिनी आणि मी स्वयंपाकघरात करंज्यांना बसलो. आंटी वर डोकावून गेल्या. “दिवाली पे गुजिया? ये तो होली की चीज़ है, बहनजी.” “हमारे यहाँ दिवाली पे ही बनती है,” आईने त्यांना तेवढ्याच गोडीने सांगितलं.

आई तळायला, वहिनी पाऱ्या लाटायला आणि सारण भरायला. कातणं तिने आल्याआल्या माझ्याकडे सरकवलं होतं. ते कापायचं म्हणून. मी कडा मिटून कातण्याने फिरवत होते. पहिल्याच घाण्यात माझ्या दोन करंज्या तेलात फुटल्या, सारण बाहेर पडून काळं झालं.

“दूध लावलंस का कडेला?” आई ओरडली. “नुसतं दाबून काय होतं? दुधाचं बोट फिरव आधी.”

मी फुटलेली करंजी झाऱ्यावरून उचलली. दोन्ही कडा एकमेकींवर अगदी नीट टेकलेल्या होत्या. टेकलेल्या, पण जुळलेल्या नव्हत्या.

“वहिनी,” मी म्हटलं, “बाळाच्या तोंडात हेच झालंय.”

लाटणं थांबलं. आईने गॅस बारीक केला. आता मागे फिरायला जागा नव्हती, आणि मला फिरायचंही नव्हतं. मी परातीतून कणकेचे दोन तुकडे घेतले, चपटे केले, वहिनीच्या समोर उभे धरले आणि मधे माझा अंगठा घातला. “हे टाळूचे पडदे. आणि ही जीभ.” अंगठा खाली ओढला, तुकडे वर उचलले, आडवे केले, टेकवले. मराठी शब्द सापडला नाही तिथे हिंदी घातला, हिंदी नाही सापडला तिथे हात वापरले. उंदीर सांगितले. कोंबडी सांगितली. दुधाचं बोट लावणारं जनुक सांगितलं. मी इतकं सलग त्या घरात कधी बोललेच नव्हते.

“मतलब, कडा आल्या,” वहिनी सावकाश म्हणाली. इतक्या दिवसांत तीही आमच्यासारखं बोलायला लागली होती. “पण बोट फिरलं नाही.”

“बहुतेक. तेच जनुक की दुसरं, हे आपल्या बाळाचं कोणी तपासलेलं नाही. पण वेळ मला पक्की माहितीये. हे सगळं तिसऱ्या महिन्यात होतं. ग्रहण होतं तेव्हा तुझ्या हातात डोहाळजेवणाच्या बांगड्या होत्या.”

मला वाटलं होतं आता ती रडेल, किंवा हसेल. तिने कणकेच्या तुकड्यांकडे पाहत विचारलं, “मग तिसऱ्या महिन्यात मी काय केलं?”

मी कणकेचे तुकडे परातीत ठेवले.

“उलट्या होत होत्या,” ती म्हणाली. “पोटात काही टिकत नव्हतं. त्याने?”

“नाही गं. तू काहीच नाही केलंस. हे कोणी करत नसतं. आत आपलं आपण चालू असतं, एखाद्या वेळी राहून जातं.”

“राहून कसं जातं?” आता आई बोलली, झारा हातात तसाच. “जनुक म्हणजे ते रक्तातलं ना? आईबापाकडून येतं ते? मग कोणाकडून आलं?”

वहिनीची मान पुन्हा खाली जायला लागली. हाताचा दोष काढून मी तो हिच्या रक्तात ठेवून दिला होता की काय?

“कोणाकडून येतंच असं नाही,” मी म्हटलं. “कित्येकदा घरात आधी कोणालाच नसतं. कधी असतं. नक्की कोणी सांगू शकत नाही, आई. डॉक्टरसुद्धा नाही.”

आईने तेलातली करंजी उलटली. मग म्हणाली, “माझे धाकटे काका नाकातून बोलायचे.”

आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

“लहानपणी आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. ताक पिताना त्यांना हमखास ठसका लागायचा, नाकातून यायचं. कोणी कधी तोंडात टॉर्च मारून पाहिलं नाही. तेव्हा टॉर्च कुठे होत्या.” तिने झारा कढईवर आपटला. “तेव्हा आलंच असेल तर आमच्याकडून आलं असेल. साताऱ्याकडून कशाला?”

खरं होतं की वहिनीसाठी तिने आपला एक काका पुढे केला, हे मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही. काकांच्या टाळूचा पुरावा कुठून आणणार?

वहिनी मात्र हसली. आधी नाकातून, मग खळखळून. “आई, बिचाऱ्या काकांना कशाला ओढता मधे? त्यांना स्वर्गात ठसका लागेल.”

“लागू दे,” आई म्हणाली. “खूप खोड्या काढायचे माझ्या. तुम्ही हात चालवा, तेल तापलंय.”

मी कडेला लावायला दुधात बोट बुडवलं तर वाटी रिकामी. “दूध संपलं,” मी म्हटलं, आणि म्हणताच माझी जीभ चावली. दादा बाहेर गेला होता. फाडायला कोणी नव्हतं.

वहिनी उठली. फ्रिजमधून पिशवी काढली. मग चवड्यांवर उभी राहून फ्रिजच्या वर हात घातला, चाचपडली, कात्री काढली. आई कढईकडे बघत होती, इतकं लक्ष देऊन की करंजी करपायला आली. कच्च करून टोक कापलं गेलं. वहिनीने वाटीत दूध ओतलं आणि वाटी माझ्यापुढे ठेवली. “लाव नीट. एक जरी फुटली ना, तर तुझ्या मॅडमना सांगेन.”

त्यानंतरची एकही फुटली नाही. मी प्रत्येक कडेवर दोनदा बोट फिरवत होते आणि मनातल्या मनात मॅडमना सांगत होते: प्रश्न विचारले, मॅडम, असे प्रश्न विचारले की तुम्हाला आवडतील.

शेवटचा घाणा निघत होता तेव्हा आतून बाळ रडायला लागलं. आईने सवयीने पदराला हात पुसले आणि बोंडल्याकडे हात नेला. वहिनी तिच्या आधी पोचली होती. तिने हात धुतले, बोंडलं विसळलं, काढून ठेवलेलं दूध त्यात घेतलं.

“उभी धर हं,” आई म्हणाली. “घाई करू नकोस.”

“माहितीये आई. रोज बघते तुम्हाला.”

ती भिंतीला टेकून बसली, बाळाला मांडीवर उभं धरलं, मान तळव्यावर पेलली. बोंडल्याची चोच ओठांना लावली. पहिला थेंब गेला. दुसरा गेला. तिसरा नाकातून बाहेर आला, बाळ ठसकलं, आणि वहिनीचा हात थांबला. तिने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं, थोडं थांबली आणि पुन्हा चोच लावली.

“कोंबडी पाणी कशी पिते गं?” तिने मला न बघता विचारलं. “फट असते म्हणालीस ना?”

“तिलाही ओढून पिता येत नाही. चोचीत पाणी घेते आणि मान वर करते.”

वहिनीने बाळाची मान जराशी वर केली. दूध खाली गेलं. बाळाने डोळे मोठे करून तिच्याकडे पाहिलं.

“अस्सं,” ती म्हणाली. “मान वर. पी गं माझी कोंबडी.”